एकशे एकोणतीसचा उंचवटा

४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

सोबत पेटीचे आराखडे बारा पानांत पाठवीत आहे. पान क्रमाने वाच. तुझ्या सवयीप्रमाणे शेवटचे चित्र पाहून करवतीला हात घालू नकोस.

प्रयोजन तुला ठाऊक आहे. ताईच्या दृष्टीचा मधला भाग गेला, वाचन संपले आणि आता ध्वनिमुद्रित पुस्तकांखेरीज तिला विरंगुळा उरला नाही. ती ज्या कार्ड घालायच्या डबडा रेडिओवर ती पुस्तके ऐकते, त्यातून वाचणाऱ्याचा आवाज नाकातून येतो. एकतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेल्या बाईवर ही वेळ यावी, हे मला सहन होत नाही. ती राहते तुझ्या घरी, तू फर्निचर बनवतोस आणि ध्वनिशास्त्र मी सव्वीस वर्षे शिकवले. तेव्हा काम कोणी काय करायचे हे उघड आहे.

पेटी एकच करायची आहे. वाचणारा एक, ऐकणारी एक. जोडीची गरज नाही. सोबत पाठवलेला स्पीकर फुल-रेंज आहे, म्हणजे खर्जापासून तारापर्यंत सगळे स्वर तो एकटा काढतो. त्याच्या पाठीमागून निघणारा आवाज वाया जाऊ न देता दोन मीटर लांबीच्या, निमुळत्या होत जाणाऱ्या बोगद्यातून फिरवून बाहेर आणायचा, यालाच ट्रान्समिशन लाइन म्हणतात. बोगदा मध्ये एकदा दुमडला आहे, म्हणून पेटीची उंची मीटरभरच भरते. स्पीकर समोरच्या फळीवर अगदी वर, बोगद्याच्या बंद टोकाशी. बोगद्याच्या पहिल्या दोन तृतीयांश भागात पिंजलेली लोकर. सर्व सांधे सरसाने कायमचे बंद. पेटीत एकही स्क्रू मला नको.

दादा


१९ फेब्रुवारी

दादा, नमस्कार.

आराखडे मिळाले, बाराही पानं वाचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. प्लायवूड आणलं आहे, सरळ आहे, दुकानात पाच ताव परत करून सहावा घेतला.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, डाव्या बाजूची फळी स्क्रूवर ठेवू का? खाली फेल्टची पट्टी घालीन, हवा सुटणार नाही. आमच्या धंद्यात शेवटची फळी कोणी लगेच सरसाने बंद करत नाही. गिऱ्हाइकाचं मन बदलतं, लाकडाचंही बदलतं.

दुसरी, स्पीकर इतका वर, कोपऱ्याला टेकूनच बसवायचा का? जरा खाली घेतला तर? मला त्यातलं कळत नाही, नुसतं विचारलं.

ताई बरी आहे. तिने नवी कादंबरी लावली आहे. वाचणारा गृहस्थ चांगल्या भारदस्त आवाजाचा आहे म्हणते, पण रेडिओत तो सर्दी झाल्यासारखा वाटतो.

आपला धाकटा


२५ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: नाही. मी गिऱ्हाईक नाही आणि माझे मन बदलत नाही.

दुसऱ्याचे उत्तरही तेच. बंद टोकाशी हवेचा दाब सर्वाधिक असतो, म्हणून तेथूनच बोगद्याला सर्वांत जोमदार चालना मिळते. शिवाय बसलेल्या माणसाच्या कानाशी स्पीकर येतो. ज्याला कळत नाही, त्याने ‘नुसते विचारण्याने’ इतरांचा वेळ जातो.

कृपया आराखड्याप्रमाणे कर. अकरा वर्षांपूर्वीच्या पुस्तकांच्या कपाटाची पुनरावृत्ती मला नको आहे.

दादा


३० मार्च

दादा,

पेटी झाली. सरस पाच दिवस वाळू दिला. स्पीकर बसवला, लोकर भरली, ताईला समोर बसवून तिची कादंबरी लावली.

सातवं प्रकरण चालू होतं. तीन-चार वाक्यं ऐकली आणि ती म्हणाली, “हा माणूस पिंपात तोंड घालून का वाचतोय?”

मी म्हटलं, नवी पेटी आहे, जरा मुरू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. ती म्हणाली, काल पिंप रिकामं होतं, आज अर्धं भरलंय.

मलाही तसंच वाटलं. गाणं लावलं तर बरं वाजतं, बायकांचा आवाज तर सुरेख येतो. पुरुष बोलायला लागला की प्रत्येक शब्दाच्या पोटात ‘हूं’ असा हुंकार येतो आणि पुढचा शब्द त्यात बुडतो.

कपाटाचं तुम्ही काढलंत म्हणून लिहितो. दार खिडकीच्या कठड्याला अडेल एवढंच मी तेव्हा म्हटलं होतं.

आपला धाकटा


६ एप्रिल

प्रिय धाकट्या,

पिंप हे मोजमाप नाही. ताईच्या कानांबद्दल मला आदर आहे. पण कानाने ऐकलेल्या तक्रारीवरून कोणी यंत्राचे निदान करीत नाही.

आवाज मोजण्याचा मीटर आणि कसोटीच्या स्वरांची तबकडी पाठवीत आहे. वीस हर्ट्झपासून पाचशे हर्ट्झपर्यंत साठ स्वर आहेत. मीटर ताईच्या खुर्चीपाशी, तिच्या कानाच्या उंचीवर, तिवईवर ठेवायचा. हातात धरायचा नाही. प्रत्येक स्वराचे तीन वेळा वाचन घे. खोलीतला पंखा बंद ठेव. शेजारी कोणी दळण, भांडी, भांडण असे काही करीत असल्यास थांब.

कपाटाबद्दल: कठडा नियमाबाहेर दोन सेंटिमीटर पुढे आला होता. तो गवंड्याचा दोष होता.

दादा


२ मे

दादा,

एकशे ऐंशी वाचनं सोबत पाठवली आहेत. ताई म्हणाली, आयुष्यात इतके राँग नंबर सलग कधी घेतले नव्हते.

सगळं बऱ्यापैकी सपाट आहे. फक्त एका ठिकाणी उंचवटा आहे, एकशे एकोणतीस हर्ट्झला. आजूबाजूच्या स्वरांपेक्षा आठ डेसिबल जास्त. तिन्ही वेळा आठच. पुरुषाच्या बोलण्याचा पाया त्याच सुमारास असतो असं तुमच्या बारापैकी तिसऱ्या पानावर लिहिलं आहे.

आता काय करू ते कळवा.

आपला धाकटा


९ मे

प्रिय धाकट्या,

आकडे पाहिले. पेटीचा मूळ स्वर त्रेचाळीस आहे, एकशे एकोणतीस त्याची तिप्पट. अशा बोगद्यात तिप्पट स्वर उठतो हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते; तो शोषून घेण्यासाठीच लोकर सांगितली आहे. तो उरला, याचा अर्थ लोकर नीट भरली गेली नाही. दाबून भरलीस का? लोकर पिंजायची असते, उशीत कोंबतात तशी कोंबायची नसते.

लोकर काढ. पुन्हा पिंज. स्पीकरच्या भोकातून हात घालून वजन करून भर: पहिल्या मीटरला तीनशे ग्रॅम, पुढे दोनशे. सांध्यांवरून आतून सरसाचा दुसरा हात दे. मग साठही स्वर पुन्हा मोज.

दादा


२८ मे

दादा,

सगळं केलं. स्पीकरच्या भोकातून खांद्यापर्यंत हात घालून लोकर काढली, पिंजली, तराजूवर तोलून भरली. हाताला अजून खाज आहे. आठाचे साडेसात झाले.

लोकर आणखी वाढवली तर उंचवटा दबतो, पण मग सगळाच आवाज मरतो. ताई म्हणाली, आता पिंपावर गोधडी टाकलीस.

एक सांगायचं राहिलं. तिने पेटीवर ऐकणं सोडलं. परवा पाहिलं तर स्वयंपाकघरात तो जुना रेडिओ कानाशी धरून बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, निदान शब्द तरी कळतात. पण अर्ध्या तासात तिचं डोकं दुखतं, म्हणून तोही बंद करते. मार्चपासून ती सातव्याच प्रकरणात आहे. हल्ली दिवसभर नुसती बसून असते, आणि ताई नुसती बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

आपला धाकटा


५ जून

प्रिय धाकट्या,

तुझे पत्र वाचून मनस्ताप झाला. चार महिने झाले. एक पेटी होत नाही. गणित मी पुन्हा तपासले, दोनदा. त्यात चूक नाही. मग चूक कोठे असेल, हे सांगण्याची वेळ माझ्यावर आणू नये एवढा समंजसपणा तुझ्यात असायला हवा होता.

आतली दुभाजक फळी तिरकी बसली आहे, याविषयी मला शंका नाही. तू हुशार आहेस. परंतु तुझ्या हाताला घाई आहे, लहानपणापासून आहे. पतंगाच्या काड्यासुद्धा तू अंदाजाने तोडायचास. गुण्या लावून काटकोन तपासणे तुला अपमानास्पद का वाटते, हे मला आजवर समजलेले नाही.

ही पेटी मोडीत काढ आणि नवी कर. प्रत्येक काटकोन तपास. ध्वनिप्रेमींच्या मंडळाने त्यांच्या त्रैमासिकासाठी हा आराखडा मागितला आहे आणि मी होकार दिला आहे. तोवर तो सिद्ध झालेला हवा. ताईला सांग, दादा हे काम अर्धवट सोडणार नाही.

दादा


१४ ऑगस्ट

दादा,

पत्राला उशीर झाला. वाचनं सोबत आहेत. एकशे एकोणतीसचा उंचवटा आता एक डेसिबल आहे. बाकी सपाट.

काटकोन तपासले. सगळे बरोबर आहेत.

ताई बाराव्या प्रकरणात आहे. वाचणारा माणूस तिला आवडला आहे. तो पान उलटताना जीभ टाळूला लावतो, तेही ऐकू येतं म्हणते.

आपला धाकटा


२० ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

अखेर. आकडे पाहून समाधान वाटले, आणि ते लपवण्याचे कारण नाही. मी सांगत होतो तेच सिद्ध झाले: आराखडा निर्दोष होता, अंमलबजावणीत शिस्त हवी होती. ती तू या खेपेस आणलीस, याबद्दल तुझे मनापासून कौतुक करतो.

आराखडा आजच त्रैमासिकाकडे रवाना केला. शेवटी तुझी वाचने जोडली आहेत आणि ‘एका कुशल कारागिराने तंतोतंत बांधलेल्या पेटीवर घेतलेली’ असा तुझा उल्लेख केला आहे. मला वाटते, तुला आनंद होईल.

दादा


३ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

एक विचित्र प्रकरण उद्भवले आहे.

त्रैमासिकातील आराखड्यावरून एका घड्याळजीने पेटी बांधली. गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले, अतिशय नम्र. त्याच्या पेटीत पुरुषांचा आवाज घुमतो. मी त्याला जे उत्तर दिले ते आता आठवले की मान खाली जाते. गुण्या विकत घ्या, असे लिहिले. त्याने त्यावर न चिडता आपल्या पेटीचे अठ्ठावीस मोजमापांचे कोष्टक पाठवले आहे. माणूस घड्याळाच्या चाकांचे दात मोजतो. माझ्या आराखड्यापासून त्याचे मोठ्यात मोठे अंतर अर्धा मिलिमीटर आहे.

त्याचा उंचवटा एकशे एकोणतीसला आहे. आठ डेसिबल.

तुझ्या २ मेच्या पत्रातही आठच होते. दोन वेगळ्या माणसांच्या हातून, दोन वेगळ्या गावांत, एकच चूक तितकीच होत नाही. ऑगस्टमध्ये तू नेमके काय केलेस ते मला माहीत असले पाहिजे. खालील मोजमापे कळव: दुभाजकाची जाडी, दोन्ही टोकांना बोगद्याची रुंदी, लोकरीचे वजन, स्पीकरच्या मध्यबिंदूचे बंद टोकापासून अंतर.

त्रैमासिकाचा पुढचा अंक फेब्रुवारीत निघतो. घड्याळजीने आपले कोष्टक त्यांच्याकडेही पाठवले आहे. मला उत्तर द्यायचे आहे आणि ते खरे असले पाहिजे.

दादा


१५ डिसेंबर

दादा,

दुभाजक, रुंदी, लोकर, तिन्ही तुमच्या आराखड्याप्रमाणे आहेत. चौथं मोजमाप तुमच्या आराखड्यात बारा सेंटिमीटर आहे. माझ्या पेटीत अडुसष्ट आहे.

आता सगळं सांगतो.

जूनमधलं तुमचं पत्र मी ताईला वाचून दाखवत होतो. पतंगाच्या काड्यांपर्यंत आलो आणि थांबलो. ती म्हणाली, पुढचं वाच. वाचलं. मी उठलो आणि पेटी मोडायला घेतली.

मोडावी लागली नाही, कारण डावी फळी मी पहिल्यापासून स्क्रूवरच ठेवली होती. तुम्ही नाही म्हटलं होतं. स्क्रूची डोकी खोल बसवून वरून लाकडी बुचं मारली, म्हणजे दिसू नयेत. पण मेमध्ये तुमच्या पत्रात होतं तसंच, भोकातून हात घालूनच लोकर भरली. फळी उघडली असती तर तुमचं ऐकलं नाही असं झालं असतं.

फळी काढून आत गुण्या लावला. काटकोन सरळ होते, दादा. पहिल्या दिवसापासून सरळ होते.

मग राग आला. रागाच्या भरात समोरच्या फळीत, आधीच्या भोकाखाली ओळीने आणखी पाच भोकं पाडली, दर चौदा सेंटिमीटरवर एक. प्रत्येक भोकाला लाकडाची चकती बसवली. म्हणजे एका भोकात स्पीकर, बाकी पाच बंद, आणि हवं तसं बदलायचं. ताईला म्हटलं, पाठ करून बस, म्हणजे कुठल्या भोकात आहे ते तुला दिसणार नाही. ती म्हणाली, “समोर बसले तर काय दिसणार आहे मला?”

सातवं प्रकरण लावलं. पहिलं भोक, पिंप. दुसरं, पिंप. तिसऱ्याला म्हणाली, पिंप दूर गेलं. चौथ्याला मानेने नुसतं थांब अशी खूण केली. पाचव्याला कान देऊन बसली. मी तिच्याकडे पाहत राहिलो. पानभर झालं, दोन पानं झाली. मग म्हणाली, “आता माणूस खोलीत आला.” सहाव्याला पुन्हा तो पिंपाच्या दिशेने निघाला, म्हणून पाचव्यावर परत आलो.

पण पाचवं भोक जमिनीपासून वीत-दीड वीतच वर. आवाज तिच्या घोट्यांशी बोलायचा. तेव्हा तीच म्हणाली, “मग पेटीलाच शीर्षासन घाल ना.” उलटी केली. बंद टोक खाली गेलं, बोगद्याचं उघडं तोंड मागे तळाशी आलं, खाली चार पाय लावले आणि स्पीकर बरोबर तिच्या कानाशी आला. उरलेल्या भोकांच्या चकत्या सरसाने बंद करून वर कापड ताणलं.

तुम्हाला कळवायला बसलो होतो. कागद घेतला होता. ताईने हात धरला. म्हणाली, “त्याला सांगितलंस तर तो आणखी सहा पत्रं लिहील आणि मी पुन्हा सातव्यात अडकेन. पुस्तक संपू दे, मग सांग.” मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचंच होतं. कपाटाच्या वेळी मी एक वाक्य बोललो आणि तुम्ही दोन वर्षं पत्र टाकलं नाहीत. आईच्या आजारपणाचंही मला तेव्हा वहिनींना लिहून कळवावं लागलं होतं. या वयात आणखी दोन वर्षं माझ्याकडे आहेत की नाहीत, मला माहीत नाही.

तुम्ही ते छापायला द्याल हे माहीत होतं. तिथे मी चुकलो. कौतुकाचं पत्र आलं तेव्हा लिहायला हवं होतं. ‘तंतोतंत’ हा शब्द वाचला आणि कागद पुन्हा खणात ठेवला.

त्या घड्याळजींची माफी मागतो. पत्ता पाठवलात तर मीच लिहीन.

आपला धाकटा


९ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या पत्राला पंचवीस दिवस उत्तर दिले नाही. तुला काय वाटले असेल याची मला कल्पना आहे. पहिले चार दिवस तुला वाटले तेच कारण होते.

पाचव्या दिवशी जुनी टिपणे काढली. एका टोकाला बंद असलेली नळी दरवर्षी मी फळ्यावर काढीत असे. तिच्या तिप्पट स्वराला बंद टोकापासून एक तृतीयांशावर दाब शून्य असतो. त्या ठिकाणी उभे राहून ढकलणाऱ्याला तो स्वर उठवताच येत नाही. सव्वीस वर्षे हे मी मुलांना सांगितले, परीक्षेत विचारले आणि ज्यांना आले नाही त्यांचे गुण कापले. दोन मीटरचा एक तृतीयांश सदुसष्ट सेंटिमीटर होतो.

मग आराखड्यात स्पीकर वर का ठेवला? कानाची उंची साधायची होती म्हणून. पेटी उलटी करता येते हे मला सुचले नाही. सोय आधी पाहिली आणि तू विचारलेस तेव्हा तिला सिद्धान्ताचा अंगरखा चढवला. तू फेब्रुवारीतच विचारले होतेस. त्यावर मी दिलेल्या उत्तराची माझ्याकडची नक्कल पुन्हा वाचली. ती मला फाडावीशी वाटली; फाडली नाही, फाइलमध्ये लावली.

घड्याळजींना क्षमापत्र गेले आहे. माफी तू मागायची नाहीस. गुण्याचे वाक्य माझे होते. त्रैमासिकाकडे दुरुस्ती पाठवली, तिची प्रत सोबत आहे. तीत आराखडा सदोष होता असे पहिल्याच ओळीत लिहिले आहे, आणि दोष शोधणारे दोघे आहेत: एक फर्निचर बनवणारा, एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. नवा आराखडा तुमच्या दोघांच्या नावावर छापला जाईल. डावी फळी स्क्रूवर ठेवावी, अशी सूचनाही घातली आहे.

राहता राहिली एक बाब. तू भोक अडुसष्टावर पाडलेस. गणिताने सहासष्ट पूर्णांक सात येते. हे तेरा मिलिमीटर मला तीन दिवस छळत आहेत. पूर्वी असते तर नवी फळी कापायला सांगितले असते. आता ताईला विचार. ती म्हणेल ते प्रमाण.

आणि कपाटाबद्दल. कठडा नियमाप्रमाणेच होता. मी तेव्हाच मोजला होता.

दादा


१७ जानेवारी

दादा,

ताईला विचारलं. तेरा मिलिमीटरसुद्धा सांगितले.

तिने बोट ओठावर ठेवलं. कादंबरीचं शेवटचं प्रकरण चालू होतं. तासाभराने पेटी बंद झाली तेव्हा म्हणाली, “त्याला लिही, मिलिमीटर मला ऐकू येत नाहीत. तो कधी येतोय ते विचार. दुसरं पुस्तक लावायचंय, आणि तो येईपर्यंत मी सुरू करणार नाही.”

खुर्ची काढून ठेवली आहे, पेटीच्या समोर, तिच्या शेजारी. डाव्या फळीची बुचंही काढली आहेत. तुम्ही आल्यावर आत पाहाल, हे मला ठाऊक आहे. गुण्या मात्र तुमचा आणा. माझ्या गुण्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

धाकटा